घरात मोठं आजारपण आलं की विश्वास कसा सांभाळायचा: डायलिसिसच्या साडेतीन वर्षांत आम्ही जे शिकलो ते

मम्मीचा क्रिएटिनिनचा (किडनी किती काम करतेय ते सांगणारी रक्ताची तपासणी) रिपोर्ट ८.६, म्हणजे फारच वाईट, आला त्या संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थनेची बैठक होती. सतरंज्या टाकून झाल्या होत्या, चहाचं आधण ठेवलं होतं, आणि मी किचनमधे उभी राहून मोबाईलवर तो आकडा बघत होते. बाहेर गाणं सुरू झालं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. संडे स्कूल, युवक संघ, क्वायर सगळं केलेली मी, आणि खरी वेळ आली तेव्हा "प्रभू" याच्या पुढे काहीच सुचेना.

त्यानंतर साडेतीन वर्षं डायलिसिस, म्हणजे किडनीचं काम मशीनकडून करून घेणं, चालला, आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास. मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही, सेमिनरीत शिकलेली नाही, एका रिटायर्ड शिक्षिकेची मुलगी आहे एवढंच. पण घरात किडनीचं असो, कॅन्सर असो की पॅरालिसिस, बऱ्याच गोष्टी सगळीकडे सारख्याच घडतात म्हणून ज्यांच्याकडे हे आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी क्रमाने लिहितेय. एका बैठकीत सगळं वाचायची गरज नाही, तुम्ही आज जिथे आहात तेवढा भाग वाचा आणि बाकीचा ठेवून द्या.

एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी सांगते कारण ती मला फार उशिरा कळली. विश्वास एकट्याने धरून ठेवायचा नसतो. मी पहिलं वर्षभर तेच करत होते आणि पार मोडकळीला आले होते.

पायरी १: पहिला आठवडा. जेवा, झोपा, आणि देवाशी कसले करार करू नका

बायबलमधे १ राजे १९ मधे एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो की आता पुरे, माझा जीव घे. तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो खातो आणि परत झोपतो, मग परत उठवून परत खायला देतो. सगळं बोलणं त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी. मला हे आधी माहीत नव्हतं असं नाही, किती वेळा ऐकलंय, पण आयसीयूच्या बाहेर दोन रात्री खुर्चीवर काढल्यावर ते पहिल्यांदा समजलं.

तर पहिल्या आठवड्यात फक्त एवढं करा. एक, तुमच्या पाळकसाहेबांना किंवा फादरना त्याच दिवशी फोन करा, "नक्की काय ते कळलं की सांगू" असं थांबू नका, नक्की कळायला कधीकधी महिना जातो. दोन, हॉस्पिटलमधे रात्री कोण आणि घरी कोण झोपणार हे ठरवा, सगळे एकदम हॉस्पिटलमधे थांबले की तिसऱ्या दिवशी सगळे एकदम गळतात. तीन, प्रार्थना एका वाक्याची ठेवा. माझी "प्रभू, दया कर" एवढीच होती आणि ती पुरली.

आणि नवस बोलल्यासारखी वचनं देऊ नका. माझ्या भावाने पहिल्याच रात्री मनात ठरवलं की मम्मी बरी झाली तर मी नोकरी सोडून पूर्ण वेळ सेवेला जाईन. ती बरी झाली नाही, डायलिसिसवर राहिली, मग याला कळेना की वचन लागू आहे की नाही, आणि त्या विचाराने तो वर्षभर चर्चमधे मागच्या बाकावर बसून निघून जायचा. शेवटी पाळकसाहेबांनी त्याला समोर बसवून सांगितलं की अरे, घाबरलेल्या माणसाकडून देव सही करून घेत नाही. ते ऐकून तो रडला.

पायरी २: "आमच्याच घरी का?" हा प्रश्न प्रार्थनेतच विचारा

आपल्याकडे एक सवय आहे की प्रार्थना म्हटली की आधी स्तुती, मग आभार, मग कबुली आणि मग मागणी, आणि तक्रारीला त्यात जागाच नाही. पण स्तोत्रसंहिता उघडून बघा. स्तोत्र १३ सुरूच होतं "कोठवर" या प्रश्नाने. स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर येशूने स्तोत्र २२ मधलेच शब्द उच्चारले, तू माझा त्याग का केलास. त्यामुळे हा प्रश्न विचारला म्हणून विश्वास गेला असं नसतं. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याशी माणूस भांडेल तरी कशाला?

हे करायचं कसं, तर आम्ही एक १०० पानी वही केली होती. रात्री जे मनात असेल ते त्यात लिहायचं, शुद्धलेखन, भाषा, आदर कशाचीही पर्वा न करता, आणि खाली एका स्तोत्राचा नंबर टाकायचा, बस. माझ्या वहीतली काही पानं मी आजही कोणाला दाखवणार नाही. पण ती लिहिली नसती तर मी ते सगळं मम्मीवर काढलं असतं हे मला माहितीये.

याला जोडून दुसरा प्रश्न येतो, "कोणाच्या पापामुळे?" आणि हा बहुतेक वेळा घरातले नाही तर नातेवाईक आणतात. आमच्या एका जवळच्या आत्याबाईंनी मम्मीच्या उशाशी बसून सांगितलं की घरात काहीतरी दडलेलं पाप असणार, शोधा. मम्मी चार दिवस नीट जेवली नाही, आयुष्यभराच्या चुका आठवत बसली. योहान ९ मधे एका जन्मांध माणसाला बघून शिष्य हेच विचारतात, याने पाप केलं की याच्या आईबापांनी, आणि येशू दोन्हीला नाही म्हणतो. लूक १३ मधे शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, तिथेही तो सांगतो की ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. हे दोन उतारे पाठ करून ठेवा आणि असं कोणी बोललं की शांतपणे वाचून दाखवा. तेवढ्याने थांबले नाहीत तर दाराशीच सांगा की पेशंट झोपलाय. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा ७ दिवस आणि ७ रात्री त्याच्यासोबत जमिनीवर गप्प बसून होते, तोपर्यंत त्यांचं सगळं बरोबर चाललं होतं, तोंड उघडल्यावर बिघडलं.

पायरी ३: औषध आणि प्रार्थना यांच्यात भांडण लावू देऊ नका

हा भाग मी जरा जास्त लिहिणारे कारण यात जीव जाऊ शकतो.

डायलिसिस सुरू होऊन पाच महिने झाले होते. एका मोठ्या मीटिंगमधे बाहेरून आलेल्या प्रचारकाने मम्मीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाला, तुम्ही बऱ्या झालात, आता मशीनवर जाणं म्हणजे देवावर अविश्वास. मम्मी दुसऱ्या दिवशी म्हणाली, मी आज जात नाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. एक डायलिसिस चुकला, रात्री तिला धाप लागायला लागली, आडवं होता येईना, पहाटे इमर्जन्सीत न्यावं लागलं. फुप्फुसात पाणी भरलं होतं. आणि त्यातलं सगळ्यात वाईट सांगू, ऑक्सिजन लावलेला असताना ती मला विचारत होती, "माझा विश्वास कमी पडला का गं?"

त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी नंतर शास्त्रातून जे जमवलं ते असं. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे कायमच्या त्रासासाठी, ३ वेळा विनंती केली आणि तो काढला गेला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं (२ करिंथ १२). त्याच पौलाने आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेतात आजारी अवस्थेत मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगितलं, आणि त्याच्यासोबत लूक होता ज्याला तो प्रिय वैद्य म्हणतो. मग पौलाचा विश्वास कमी होता का? याकोब ५:१४ मधे मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं आहे, औषध बंद करा असं तिथे कुठेच नाही. आपल्याच महाराष्ट्रात मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मधे मिशन हॉस्पिटल उभं केलं, ते गुडघे टेकणारेही होते आणि ऑपरेशन करणारेही. आपल्या किती तरी आज्या, मावश्या मिशन हॉस्पिटलात नर्स होत्या, त्यांनी इंजेक्शन देताना प्रार्थना थांबवली नाही.

म्हणून घरात एक नियम करा आणि सगळ्यांना सांगून ठेवा: कुठलंही औषध, डायलिसिस, केमो हे फक्त तो डॉक्टर बंद करेल ज्याने ते सुरू केलं. कोणाला स्वप्न पडलं, दर्शन झालं, साक्ष ऐकली तरी. तुम्हाला खरंच वाटतंय की देवाने बरं केलं, तर टेस्ट करा, रिपोर्टमधे दिसेल, देवाला रिपोर्टची भीती नाही. हाच नियम झाडपाल्याच्या काढ्यांनाही लावा, किडनीच्या पेशंटला त्यातले काही काढे आणि पेनकिलरच्या गोळ्या फार नुकसान करतात.

तेल लावून प्रार्थना मात्र जरूर करून घ्या. मम्मीसाठी मंडळीचे वडील आले, कपाळाला तेल लावलं, तिचा हात धरून बसले आणि कोणीही "क्लेम करा", म्हणजे बरी झालेच असं ठामपणे म्हणा, वगैरे म्हटलं नाही. ती त्या रात्री शांत झोपली. कॅथलिक घरांत अजूनही भीती असते की फादरना तेलासाठी बोलावलं म्हणजे शेवट आला. जुन्या पिढीत तो संस्कार अगदी शेवटी द्यायचे हे खरं, पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर पोप सहावे पॉल यांनी १९७२ मधे त्याचा विधी बदलला आणि आता तो गंभीर आजाऱ्यासाठी, मोठ्या ऑपरेशनच्या आधी, पुन्हा बिघडलं तर पुन्हाही घेता येतो. तेव्हा माणूस शुद्धीत असताना, स्वतः आमेन म्हणू शकतो तेव्हाच बोलवा.

पायरी ४: प्रार्थना छोटी करा आणि रोजच्या कामाला बांधा

आजारपणात तासभर गुडघ्यावर बसणं जमत नाही, आणि जमत नाही म्हणून अपराधी वाटतं, आणि मग जे ५ मिनिटं जमलं असतं तेही राहून जातं.

डायलिसिससाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे मनगटाजवळ किंवा कोपराजवळ एक रक्तवाहिनी दुसरीला जोडतात. त्या जागेवर बोटं ठेवली की आतून थरथर लागते, मांजर मांडीवर बसून घुरघुरतं ना, अगदी तशी. ती रोज तपासायची असते, थांबली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं. रोज सकाळी ६ वाजता मी मम्मीच्या डाव्या हातावर तीन बोटं ठेवायचे, ती डोळे मिटून असायची, थरथर लागली की मी म्हणायचे "आहे", आणि ती म्हणायची "आभार". सुरुवातीला ते फक्त तपासणं होतं. दोनेक महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की आमची सकाळची प्रार्थना हीच आहे, यापेक्षा खरी प्रार्थना मी आयुष्यात केलेली नाही. पुढे कित्येक दिवस असे गेले की दिवसभरात तेवढीच झाली.

तुमच्याकडे फिस्टुला नसेल पण काहीतरी असतंच. इन्सुलिन, ड्रेसिंग, कूस बदलणं, ट्यूबमधून पेज देणं. त्यातलं रोज होणारं एक काम निवडा आणि त्याला एक-दोन शब्द जोडा. लिफ्टची वाट बघताना स्तोत्र २३ ची एकच ओळ. आणि शब्द सुचतच नाहीत तेव्हा रोमकरांस ८:२६ आठवा, देवाचा आत्मा स्वतः आपल्यासाठी मध्यस्थी करतो, शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी. त्या दिवशी उसासा टाकला तरी तो वाया गेलेला नसतो.

डायलिसिसच्या ४ तासांत आम्ही मोबाईलवर मराठी बायबलचं ऑडिओ लावायचो, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. लांबलचक काही नको, मार्काचं शुभवर्तमान घ्या, छोटे प्रसंग आहेत आणि त्यात आजारी माणसं भरपूर भेटतात. १२ वर्षं रक्तस्राव होणारी ती बाई जिने सगळे पैसे वैद्यांवर घालवले, तिची गोष्ट ऐकून शेजारच्या खुर्चीवरचे काका, जे स्वामी समर्थांची जपमाळ घेऊन यायचे, ते म्हणाले, "ताई, ही तर आपलीच गोष्ट." तेव्हापासून मम्मी रोज त्यांचं नाव घ्यायची, आणि ते त्यांच्या जपात तिचं.

पायरी ५: तुमची चार माणसं शोधा

मार्क २ मधे पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही तर छप्पर उघडून खाली सोडतात. पाचव्या वचनात काय आहे ते बघा, येशूने *त्यांचा* विश्वास पाहिला. खाटेवरच्या माणसाच्या विश्वासाबद्दल तिथे एक शब्द नाही. तो काहीच बोलत नाही. मी दुसऱ्या वर्षी अशा अवस्थेत होते की चर्चला जायचे आणि गाण्याच्या वेळी ओठ हलवायचे, आतमधे सगळं कोरडं. एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "ठीके, तुझ्या वाटचा विश्वास सध्या मी धरते, तुला जमेल तेव्हा परत घे." लोक असं बोलतात आणि विसरतात, पण तिने खरंच धरला. रोज रात्री १० ला तिचा मेसेज यायचा, "आज केली", एवढाच.

मंडळीत दोनशे लोक असतात आणि सगळे म्हणतात "काही लागलं तर सांगा". असं कोणी सांगत नाही, मी पण नाही सांगितलं. तुम्हीच चार जण निवडा आणि प्रत्येकाला एकच ठरलेलं काम द्या. आमच्याकडे एकजण शनिवारचं नेणं-आणणं करायचा, एक काकू मंगळवारचा डबा, एकजण सरकारी योजनेचे कागद आणि बिलं, आणि ती मैत्रीण प्रार्थना. डबा देणाऱ्यांना पथ्य लिहून द्या: मीठ किती, भाजी उकळून पाणी टाकून द्यायचं, बटाटा-टोमॅटो-पालक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

भेटायला येणाऱ्यांचं पण सांगते. आपली माणसं प्रेमाने शहाळं आणि केळी घेऊन येतात आणि किडनीच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम धोक्याचं असतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मम्मीला नाही म्हणता यायचं नाही, समोरच्याचं मन मोडू नये म्हणून दोन घोट घ्यायची. मग आम्ही मंडळीच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला, तुम्हाला वापरायचा असेल तर वापरा: "सलाम. मम्मीला भेटायला जरूर या, तिला बरं वाटतं. ४ ते ५ च्या वेळात या, १५ मिनिटं बसा, खायला-प्यायला काही आणू नका, एक स्तोत्र वाचा आणि छोटी प्रार्थना करा. फिस्टुलाच्या हाताला, म्हणजे डाव्या, कृपया धरू नका." कोणाला राग आला नाही. उलट लोकांना नक्की काय करायचं ते कळलं म्हणून जास्त जण यायला लागले.

पायरी ६: रविवार सोडू नका, पण त्याचा आकार बदला

हे फार कमी लोकांना सुचतं म्हणून सांगते. आमचा डायलिसिसचा स्लॉट आधी सोमवार-बुधवार-शुक्रवार होता. शुक्रवारनंतर थेट सोमवार, म्हणजे रविवारी अंगात सगळ्यात जास्त पाणी साठलेलं, पाय सुजलेले, जिना चढताना दम. मम्मीला वाटायचं की चर्चला जायची इच्छाच मेली माझी. स्लॉट मंगळवार-गुरुवार-शनिवार करून घेतला आणि महिन्याभरात ती दर रविवारी उपासनेला यायला लागली. तिची इच्छा होतीच, शरीरात पाणी साठल्यावर ती दिसणार कुठून? तुमच्याही बाबतीत विचारून बघा, केमोची तारीख, औषधाची वेळ थोडी सरकवता येते का. डॉक्टरांना सरळ सांगा की आम्हाला रविवारची सकाळ हवी आहे, ते चिडत नाहीत.

मम्मीला दिवसाला ८०० मिली पाणी-चहा-आमटी सगळं मिळून एवढीच परवानगी होती (प्रत्येकाचं वेगळं असतं) आणि ती शिक्षिका असल्यामुळे सगळं वहीत मांडायची. चहा १००, गोळ्यांबरोबर ६०, असं. ती गेल्यावर मी ती वही चाळली तर महिन्याच्या एका रविवारी ओळ होती: "प्रभुभोजन १०", म्हणजे चर्चमधे भाकरीसोबत मिळणारा द्राक्षारस, १० मिली. आमच्याकडे छोट्या पेल्यांत देतात, तिने कधीतरी खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून पाहिलं असणार. प्रत्येक महिन्यात ती ओळ आहे, साडेतीन वर्षं. जे महिने ती चर्चला जाऊ शकली नाही त्या महिन्यांतसुद्धा, कारण पाळकसाहेब घरी येऊन द्यायचे. तुम्ही पण मागून घ्या, ते हक्काने मागायचं असतं, कॅथलिक असाल तर पॅरिशमधे सांगितलं की घरी कम्युनियन आणून देतात. आणि ११ फेब्रुवारीला, लूर्द मातेच्या सणाच्या दिवशी, आजाऱ्यांचा जागतिक दिवस असतो, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ मधे तो सुरू केला, त्या दिवशी बऱ्याच ठिकाणी आजाऱ्यांसाठी खास मिस्सा असते, व्हीलचेअरवरून नेता येईल.

पायरी ७: पैशाचं बोला

पैशाची काळजी ही विश्वास पोखरणारी वाळवी आहे आणि आपण तिला आध्यात्मिक नाव देत बसतो. आधी कागद बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत उपचार होतात, डायलिसिस त्यात येतो, रेशनकार्ड लागतं, हेल्पलाईन १५५३८८. केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमातून २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत पण सोय झाली आहे. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, तिथल्या समाजसेवकांना भेटा. मंडळीच्या मदत निधीतून घ्यायला लाज वाटून घेऊ नका, तुम्ही इतकी वर्षं त्यात टाकलंच आहे.

दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, चर्चला देता येत नाही म्हणून मम्मी झुरायची. पाळकसाहेबांना सांगितल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमच्या गोळ्या आधी." आणि जो कोणी बरं करण्याच्या बदल्यात पैसे किंवा "बी पेरा" म्हणून रक्कम मागेल त्याला एक रुपयाही देऊ नका.

पायरी ८: सेवा करणाऱ्याचं काय

मला मम्मीचा राग यायचा. लिहायला जड जातंय, पण यायचा. तिसऱ्या वर्षी एकदा तिने चोरून अख्खा ग्लास पाणी प्यायलं आणि मी तिच्यावर ओरडले, ७० वर्षांच्या बाईवर, तहान लागली म्हणून. नंतर बाथरूममधे नळ सोडून रडले. आणि एकदा तर मनात येऊन गेलं की हे सगळं एकदाचं संपू दे. ज्याने कोणी दीर्घ आजारपण काढलंय त्याच्या मनात हा विचार येऊन गेलेला असतो. तो देवापुढे कबूल करा आणि एका माणसापुढे पण करा, ज्याच्या पोटात राहील. माझं ओझं पाळकसाहेबांच्या मिसेसना सांगितल्यावर उतरलं, त्यांनी त्यांच्या सासूबाईंचं असंच केलं होतं.

आठवड्यातला एक अर्धा दिवस कोणीतरी तुम्हाला सोडवलं पाहिजे, ते चार माणसांच्या यादीत टाका. झोप उडाली, दोन आठवडे कशातच मन लागेना, जगावंसं वाटेना तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डिप्रेशनची गोळी घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे, बीपीची घेतोच ना आपण.

पायरी ९: बरं होणार नाही हे कळतं तेव्हा

साडेतीन वर्षांनी मम्मीचं हृदय थकलं. मशीनवर बसवलं की बीपी ६० वर यायचं, मधेच थांबवावं लागायचं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं. भाऊ म्हणाला, तिला सांगायचं नाही, ती खचेल, आपण बरी होण्यासाठी उपास-प्रार्थना करू. मी पण दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी तिनेच विचारलं, "मला सांगणार आहात की मीच विचारू डॉक्टरांना?"

सांगा. पकडला जाण्याच्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने आधी स्पष्ट मागितलं की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि मग म्हणाला, तुझ्या इच्छेप्रमाणे. दोन्ही प्रार्थना एकाच रात्रीच्या आहेत. बरं होण्यासाठी मागणं थांबवायची गरज नाही, पण त्यासोबत मागायच्या इतर गोष्टी असतात: दुखू नये, भीती वाटू नये, राहिलेलं बोलून व्हावं. मम्मीने धाकट्या बहिणीला फोन लावायला सांगितला, १५ वर्षांपासून जमिनीच्या वादावरून अबोला होता. माफी मागायची आणि द्यायची असेल तर ती बेशुद्धीच्या आधी, हे लक्षात ठेवा.

आमच्या मनात सगळ्यात मोठा प्रश्न होता की डायलिसिस थांबवला तर ते पाप का. पायरी ३ मधे मी सांगितलं की डॉक्टरशिवाय बंद करायचं नाही, इथे डॉक्टरच सांगत होते की आता याचा त्रास फायद्यापेक्षा जास्त आहे. पाळकसाहेबांनी फरक समजावला: बरं झालोय असं मानून उपचार सोडणं वेगळं, आणि उपचारच शरीराला पेलत नाहीत म्हणून देवाच्या हातात देणं वेगळं. कॅथलिक चर्चची शिकवणही तेच सांगते, फार जाचक झालेले आणि ज्यातून फारसं काही साधणार नाही असे उपचार थांबवणं म्हणजे जीव घेणं नव्हे. आपल्या सुप्रीम कोर्टाने पण २०१८ मधे मान्य केलं की माणूस शुद्धीत असताना आपली इच्छा आधीच लिहून ठेवू शकतो, २०२३ मधे त्याची पद्धत सोपी केली. पेशंटला विचारा, डॉक्टर आणि पाळक दोघांना एका खोलीत बसवून विचारा, आणि घरातल्या सगळ्यांसमोर ठरवा, नंतर "तू ठरवलंस" असं कोणी कोणाला म्हणायला नको.

दुखणं कमी करायची औषधं मागा, सहन करणं हे विश्वासाचं माप नाही. कॅन्सरच्या पेशंटचा त्रास कमी करून सांभाळणारं शांती अवेदना सदन मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून आहे, पुण्यात वारज्याला सिप्ला कंपनीचं असंच केंद्र १९९७ पासून, आता घरी येऊन बघणाऱ्या टीमही बऱ्याच शहरांत आहेत. आम्ही घरीच ठेवलं. ८ दिवस मिळाले. चौघं आळीपाळीने बसली, मैत्रिणीने स्तोत्र १२१ किती वेळा वाचलं त्याचा हिशोब नाही, शेवटच्या दोन दिवसांत मम्मी बोलत नव्हती पण ओठ हलायचे. ओठ कोरडे पडतात तेव्हा ओल्या कापसाने पुसत राहायचं, कानाशी हळू बोलायचं, ऐकू येत असावं असं समजूनच.

दफनविधीची गाणी तिने आधीच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली होती, कोणती, कुठल्या चालीवर आणि किती कडवी तेसुद्धा. तुम्ही हे आधीच विचारून ठेवलं तर त्या दिवशी धावपळ होत नाही. आणि विधीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी घर एकदम रिकामं होतं, त्या दिवसासाठी त्या चौघांपैकी कोणालातरी आत्ताच सांगून ठेवा.

माझं सकाळी ६ वाजता उठणं अजून सुटलेलं नाही. मम्मीच्या वहीत पाण्याच्या हिशोबाच्या मागच्या बाजूला प्रार्थनेसाठी नावं आहेत, २७ नावं, बहुतेक डायलिसिसच्या खोलीतली, त्यातली बरीच आता नाहीत. जपमाळवाले काका आहेत. त्यांचा मंगळवार-गुरुवार-शनिवार चालू आहे, आणि मागच्या आठवड्यात त्यांच्या मुलीने फोन करून विचारलं की तुमच्या मम्मी इअरफोनवर जे ऐकायच्या ते बाबांना हवंय, मोबाईलवर कसं लावायचं?